दोरीवरचे हातमोजे

लायटरचा खटका वाजला आणि तू पेटलीस.

गॅस पेटायच्या आधी तू पेटलीस, प्रमिला. उजव्या बाहीपासून खाली सलवारीपर्यंत जाळ एकदम उतरला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसले होते. तू आधी ओरडली नाहीस. माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "आत्या, लांब व्हा." मग ओरडलीस.

मी लांब झाले नाही. पण लगेच पुढेही आले नाही. काही वेळ मी नुसती उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येत नाही, आणि कोणी विचारलंही नाही. मग कॉटवरची गोधडी ओढली, तुझ्यावर टाकली, तुला धरून खाली पाडलं आणि तुझ्यावरच पडले. शेजारचे दार ढकलून आत आले तेव्हा जाळ विझला होता. घरात जळक्या कापडाचा वास होता आणि त्याच्या खाली पेट्रोलचा.

पेट्रोलचा वास तुझ्या अंगाला रोजच यायचा. म्हणून त्या दुपारी तू पंपावरून आलीस तेव्हा तो जास्त येतोय हे मला जाणवलं नाही. किंवा जाणवलं आणि मी मनावर घेतलं नाही. आता नक्की सांगता येत नाही. पण तू काय म्हणालीस ते नक्की सांगता येतं.

तू म्हणालीस, "आत्या, आज अंगावर लई सांडलंय. आधी कपडे बदलते."

मी म्हणाले, "आधी चहा टाक. सकाळपासून डोकं धरलंय माझं."

तू चपला काढल्यास, पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसलेस आणि आत गेलीस.

चर्चमध्ये तुझ्या स्मरणसभेत पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. मंडळीतल्या बायकांना वाटलं, म्हातारीला दुःखानं बोलवत नाही. बोलवत होतं. पण तिथे तुझ्या पंपाचे शेठ पुढच्या बाकावर बसले होते, तुझी लेक स्नेहल बसली होती, आणि सगळ्यांनी तुझ्याबद्दल एकच गोष्ट धरून ठेवली होती. बाई चांगली, कष्टाळू, पण जरा निष्काळजी. पेट्रोलच्या कपड्यांनी गॅसपाशी कोण जातं? असं म्हणून बायका हळहळत होत्या. मी ऐकत होते आणि गप्प होते. म्हणून आता लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची आणि हात अजून नीट वळत नाहीत, त्यामुळे थांबत थांबत लिहीन.

माझा राजू वारला तेव्हा मीच तुला म्हटलं होतं, माहेरी जायचं असेल तर जा. तू म्हणालीस, "स्नेहलची शाळा इथं हाय आत्या, आणि तुमच्याकडं कोण बघंल?" सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत. पण तू ते रीत म्हणून म्हणत नव्हतीस, हे मला फार उशिरा कळलं. मी तुला कधी बाळ म्हटलं नाही, लेक म्हटलं नाही. आमच्या वेळी सुनेला असं कोणी म्हणत नव्हतं, आणि मी काही वेगळी नव्हते.

केडगावात पुणे रोडला पंप सुरू झाला आणि तिथे बाया घेतात असं कळलं, तेव्हा मीच तुला घेऊन गेले होते. घरापासून हाकेच्या अंतरावर. निळा कोट, टोपी, छातीवर नाव. त्या दिवशी तू कोट घालून आरशासमोर उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "कशी दिसते?" मी म्हणाले, "बरी दिसतेस." मनातून मला लई आनंद झाला होता. तो मी तुला सांगितला नाही. कारण तो तुला बघून झालाच नव्हता. आपल्या घरातली बाई नाव लावलेला कोट घालून चार माणसांत उभी राहते आणि मोटारवाले तिला मॅडम म्हणतात, हे बघून झाला होता.

माझी सगळी नोकरी भिंगारला सफाईच्या कामात गेली, हे तुला माहीत होतं. पण एक गोष्ट तुला मी बरीच वर्षं सांगितली नव्हती. आम्हाला गटारीच्या कामासाठी रबरी हातमोजे मिळायचे. कोपरापर्यंत लांब, केशरी रंगाचे. ते लांबून ओळखू यायचे. बाजारात चहाच्या गाडीपाशी गेलं की चहावाला कप बाजूला ठेवायचा आणि वरून ओतायचा. एकदा मी मोजे घरी ठेवून, हात साबणानं धुऊन, रविवारच्या उपासनेची साडी नेसून गेले. तरी तो म्हणाला, "ती मोजेवालीच ना तू?" आणि कप बाजूला ठेवला. त्यानंतर मी मोजे घातले नाहीत. उघड्या हातानं काम केलं. मुकादम ओरडला, बायांना फोड आले, नखांखाली पिकलं, तरी आमच्या टोळीतल्या बहुतेक बायांनी घातले नाहीत. हात सडले तर सडू देत, ओळख नको.

तू पहिल्यांदा पंपावरून काळे हातमोजे घरी आणलेस तेव्हा मला त्या गाडीवाल्याचं तोंड आठवलं. तुझ्या हाताला तेव्हा भेगा पडत होत्या. पेट्रोल हातावर सारखं लागतं, कातडी पांढरी पडून फाटते, भाकरी थापताना मीठ लागलं की तू श्वास ओढून घ्यायचीस. ट्रेनिंगवाल्या साहेबांनी सांगितलं होतं, मोजे घाला, ॲप्रन घाला, कपडे बदलल्याशिवाय घरी जाऊ नका. तू एकटीच ते मनावर घेऊन आली होतीस. मोजे साबणानं धुतलेस आणि पुढच्या दारात दोरीवर वाळत घातलेस.

मी ते काढून आत टाकले.

"दारात असलं काय वाळत घालतीस? लोकांनी काय समजायचं?"

"काय समजायचं त्यात? कामाचे हायेत आत्या."

"मला माहिती हाय कसल्या कामाचे असतात ते."

"अहो, पेट्रोलनं हात फाटलेत माझे. बघा की."

"खोबरेल लाव."

तू हसलीस. म्हणालीस, "खोबरेलचा डबाच लावते अंगाला." पण दुसऱ्या दिवशीपासून मोजे दोरीवर दिसले नाहीत. तू ते मोरीत वाळत घालत होतीस. ते मला माहीत होतं. मोरीत वाळत नाहीत, कुबट होतात, हेही माहीत होतं. मी काही बोलले नाही. खोबरेलची वाटी मात्र रोज संध्याकाळी तुझ्यासमोर ठेवायची. तेवढं मी करत होते.

पंपावर तरी ते मोजे घालणं कुठं सोपं होतं? मापं सगळी पुरुषांची, तुझ्या बोटांच्या पुढे रबर लोंबायचं. पैसे घ्यायच्या स्कॅनरच्या मशीनची बटणं दाबायला ते काढावे लागायचे आणि परत घालीपर्यंत मागचा हॉर्न वाजवायचा. उन्हाळ्यात आतून हात उकडल्यासारखे निघायचे. मास्क लावला की "झिरो बघा" म्हटलेलं गिऱ्हाइकाला ऐकू जायचं नाही आणि तो भांडायला उठायचा. हे सगळं तू मला जेवताना सांगायचीस. पंपावरची पोरं तर घालतच नव्हती. साहेब तपासायला येणार असले की सगळ्यांनी घालायचे, फोटो काढायचे, साहेबांची गाडी पुण्याकडे वळली की परत खुंटीवर. तू रोज घालायचीस म्हणून ते तुला म्हणायचे, "काय प्रमिलाताई, आज ऑपरेशन कुणाचं?" त्यावर तू त्यांना म्हणालीस, "तुजं. जिभेचं." हे सांगताना तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

मग एक दिवस एका बुलेटवाल्यानं पैसे देताना हात मागे घेतला. म्हणाला, "काय मॅडम, आमच्या नोटेचा इटाळ व्हतो का तुमाला?"

तेही तू हसत सांगितलंस. तुझ्या दृष्टीनं ती गंमत होती. उलटीच गंमत, म्हणालीस, आत्तापर्यंत कोणी असं आपल्याला विचारलं असंल का? मी हसले नाही. मी ताट बाजूला सारलं आणि त्या रात्री, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुला केशरी मोज्यांची आणि चहाच्या कपाची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "मी सगळा जन्म त्यात घालवला ते माझ्या घरातल्या बाईनं परत मोजे घालावेत म्हणून नाही. तुला लोक मॅडम म्हणतात. ते घालवू नको."

तू माझं ताट परत पुढे सारलंस. मग म्हणालीस, "ते मोजे वेगळे हायेत आत्या. ते घाणीचे होते. हे माझ्या हाताचे हायेत."

"बघणाऱ्याला सारखेच."

हे भांडण आपलं तिथेच राहिलं. तुझं म्हणणं बरोबर होतं. मला त्या दिवशीही ते बरोबर वाटलं होतं. पण मला तू जिंकायला नको होतीस.

दुसऱ्या दिवसापासून तू मोजे घालणं सोडलंस. ॲप्रनही सोडलास. पोरांना वाटलं, त्यांच्या चेष्टेनं सोडले. शेठना वाटलं, उन्हाळ्यानं. तू कोणालाच खरं कारण सांगितलं नाहीस. शबाना तुझ्याबरोबर पहिल्या पाळीत असायची, तिनं मला परवा सांगितलं. तिनं तुला विचारलं होतं, "क्यों गं, तू तर रोज घालायचीस?" तू तिला म्हणालीस, "घरच्यांना आवडत नाही."

घरच्यांना. घरात आपण दोघीच होतो. स्नेहल पुण्याला हॉस्टेलवर.

कपडे बदलायचं मात्र तू सोडलं नव्हतंस. पंपावर बायांना बदलायला जागा नाही. पोरं हवेच्या मशीनमागे बदलतात, तुम्ही दोघी कुठे बदलणार? शेठला तू दोनदा सांगितलंस, ते बघू म्हणाले. म्हणून तू घरी यायचीस आणि सरळ मोरीत जायचीस. कोट भिजत टाकायचीस, हातपाय धुवायचीस आणि मग गॅसपाशी. त्याचाही मला राग यायचा. तुला वाटायचं मी चहासाठी कुरकुरते. चहासाठी नव्हतं ते. माझी आई, माझी सासू, मी, आम्ही कामावरून आल्या आल्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला चहा दिला, मग कमरेला खोचलेला पदर सोडला. सून बाहेरून येते आणि आधी स्वतःचं बघते, हे मला खुपायचं. दोनचारदा मी तसं बोललेही. तू कधी ऐकायचीस, कधी नाही. ज्या दिवशी ऐकायचीस त्या दिवशी त्याच कपड्यांनी गॅस पेटवायचीस. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून मी म्हणत राहिले.

त्या दिवशी पंपावर काय झालं ते शबानानं सांगितलं. एक जण मोटरसायकलची टाकी काठोकाठ भरून मागत होता. गाडी हलवून हलवून, अजून टाका, अजून टाका. नोझल बंद व्हायला पाहिजे तिथे झालं नाही आणि पेट्रोल उसळून तुझ्या हातावर, कोटावर, खाली सलवारीवर आलं. तुझा ॲप्रन ऑफिसात खुंटीवर होता. तो अंगावर असता तर बरंचसं त्याच्यावरून निथळून गेलं असतं. शबाना म्हणाली, थांब, अंगावर पाणी ओत. तू म्हणालीस, पाळी सुटतेच आहे, घरी जाऊन बदलते.

घरी आलीस. पुढचं मी वर लिहिलं आहे.

दवाखान्यात तू दोन दिवस बोलत होतीस. डॉक्टर म्हणाले हे असंच असतं, माणूस आधी बोलतं. दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला ठाण्यातले साहेब आले आणि बरोबर पोलीसबाई. घरात सून जळाली आणि सासू वाचली, मग पोलीस दुसरं काय विचारणार? मला त्यांनी पडद्याबाहेर बसवलं. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. पडदा कापडाचा, सगळं ऐकू येत होतं.

पोलीसबाई म्हणाली, "घाबरू नकोस ताई. सासूनं काही केलं का? त्रास होता का?"

तू म्हणालीस, "नाही. आत्यांनीच विझवलं."

"मग कसं झालं?"

"पेट्रोल सांडलं होतं. माझीच चूक हाय. मी कपडे बदलले न्हाईत."

"का नाही बदलले?"

तू जरा थांबलीस. मी पडद्याबाहेर खाली बघत बसले होते. माझ्या मनात आलं, आता सांगेल. आणि माझ्या मनात आलं, सांगू नकोस. दोन्ही आलं, ते मी लपवत नाही.

तू म्हणालीस, "कंटाळा केला."

प्रमिला, तू आयुष्यात कशाचा कंटाळा केला होतास? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू पहाटे उठून, पंपावर जाण्याआधी माझ्या डोळ्यात औषध टाकायचीस. तुझ्या बोटांचा पेट्रोलचा वास मला झोंबेल म्हणून बोटांना धुतलेला रुमाल गुंडाळायचीस आणि मग माझी पापणी धरायचीस. एकदाही चुकली नाहीस. माझ्या डोळ्यासाठी तू हात झाकत होतीस आणि तुझ्या हातांसाठी मी तुला झाकू दिले नाहीत. तुझ्या त्या औषधानं मला आज एवढं बारीक लिहिता येतं.

मी उठून आत यायला हवं होतं. पडदा सारून म्हणायला हवं होतं, बदलत होती, मीच बदलू दिले नाहीत. मी बसून राहिले. साहेब बाहेर आले, मला म्हणाले, "आजी, काळजी करू नका, सुनेची कोणावर तक्रार नाही." मी मान हलवली. आत आले तेव्हा तू मला विचारलंस, "हात दुखतात का आत्या?" मी म्हणाले, "नाही." आपलं शेवटचं नीट बोलणं ते. त्यात मी खोटं बोलले, आणि तेही नको त्या गोष्टीवर.

तुझ्या त्या जबाबानं मी सुटले, आणि पंपही सुटला. शेठ सगळ्यांना तेच सांगतात. आम्ही मोजे दिले, ॲप्रन दिला, ट्रेनिंग दिलं, बाई स्वतःच म्हणाली माझी चूक. कंपनीचे एक साहेब मध्ये येऊन गेले म्हणे, कामगार ही साधनं का वापरत नाहीत ते विचारायला. पोरं म्हणाली, उकडतं. एक म्हणाला, सवय नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि गेले. मला कोणी विचारलं नाही. विचारायला घरी कशाला येतील?

मग मीच गेले. हाताच्या पट्ट्या निघाल्यावर, पहिली पाळी सुटायच्या वेळी, पंपावर. शेठ ऑफिसात होते, पोरं होती, शबाना होती. मी म्हणाले, "माझी सून निष्काळजी नव्हती. तुम्ही बायांना कपडे बदलायला जागा दिली नाही, आणि घरी मी तिला बदलू दिले नाहीत. मोजेही तिनं माझ्यामुळं सोडले. हे तुम्ही ध्यानात ठेवा आणि तिला नावं ठेवायचं बंद करा."

शेठ उठून उभे राहिले. "आजी, बसा. पाणी घ्या. तुमचं दुःख समजतं. पण तिनं स्वतः जबाब दिलाय."

"तिनं मला वाचवायला दिलाय."

एका पोरानं खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. तुझा ॲप्रन खुंटीवर तसाच होता. शबाना मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिनं मोजे घातले होते. पोरांनीही चार दिवस घातले होते म्हणाली, आता परत बंद. बायांच्या खोलीचं अजून बघूच चाललंय. तू गेलीस म्हणून काही बदललं असं मी इथे लिहिलं तर ते खोटं होईल.

सगळ्यात अवघड स्नेहल होती. ती तुझ्यावर रागावली होती. रडायची आणि म्हणायची, "मम्मीला एवढी साधी गोष्ट कळू नये? आजी, ती असं कशी करू शकते?" पोरीनं आईच्या मरणावर रागवावं आणि तो राग खरा माझ्या वाट्याचा असावा, हे मला झोपू देईना. रविवारी उपासनेहून आल्यावर मी तिला समोर बसवलं आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. चहाचं, मोज्यांचं, पडद्याचं. काही राखलं नाही.

ती ऐकून उठली आणि मोरीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात तुझे काळे मोजे होते, मोरीच्या खिळ्यावर राहिलेले. तिनं ते धुतले होते. पुढच्या दारात गेली आणि दोरीवर वाळत घातले. माझ्याकडे बघितलं नाही. समोरची बाई विचारायला लागली, हे कुणाचे गं? स्नेहल म्हणाली, "मम्मीचे."

मी आतून ऐकलं. उठून काही काढले नाहीत.

संध्याकाळी तिनं माझ्या हातांना मलम लावलं. आता ती हॉस्टेलवर परत गेली आहे. फोन करते, औषध घेतलं का विचारते, फोन ठेवते. ती मला माफ करेल की नाही ते तिचं ती बघेल. मी तिला तसं विचारणार नाही.

डॉक्टरांनी मलाही मोजे दिलेत. जळालेली कातडी ताठू नये म्हणून, घट्ट, बोटांना बसतील असे. दिवसभर घालायचे. मी घालते. दुकानात जाते तेव्हाही घालते. दुकानदार बघतो. बघू दे.

चहा माझा मीच करते आता. लायटर हातात घेतला की आधी दारात जाऊन उभी राहते, मग परत येते. कशासाठी जाते ते मला ठाऊक नाही. तू पंपावरून येताना दिसत नाहीस.

त्या दुपारी घरात आपण दोघी होतो. तू चाळिशीची, स्नेहलची आई, तुला अजून खूप करायचं होतं. मी सत्तरी उलटलेली, माझं सगळं करून झालेलं. वाचले मी.